क. लिं.

मी पाळणाघरं तपासतो. हे सांगितलं की समोरचा माणूस एक तर हसतो, नाही तर आपल्या शेजारच्या पाळणाघराविरुद्ध तक्रार करायला लागतो. बावीस वर्षांत तिसरी प्रतिक्रिया पाहिलेली नाही.

माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पारदर्शक नळी असते. जी वस्तू त्या नळीत मावते ती लहान मुलाच्या घशातही मावते, म्हणून ती खेळण्यांच्या पेटीत असता कामा नये. मणी मावतो, बाहुलीचा बूट मावतो, पेनाचं टोपण मावतं. एकदा आमच्या मोठ्या साहेबांचा शिक्काही मावला होता, पण तो अहवालात घेतला नाही.

बाकी नियम मी नुसते राबवतो, पण आठ मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती हा नियम ज्या समितीनं केला तिच्यात मी होतो. काही सभासद सहा म्हणत होते, काही दहा. सहा आणि दहाच्या मध्ये चहा झाला आणि चहानंतर आठ झाले. पुढे त्या आठाला कायद्याचं बळ मिळालं. आठामागचं शास्त्र काय, असं प्रशिक्षणात कुणी विचारलं तर मी गंभीर चेहरा करून फळा पुसतो.

घरी आम्ही चौघं. जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे वर्षातले आठ महिने पाण्यात. लेक आणि सव्वातीन वर्षांची नात आमच्याकडेच राहतात. नातीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती घरातली कुठलीही वस्तू उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवते आणि कुठे ठेवली ते सांगत नाही. बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे. तिथे मुंगीला ठेवणं शक्य नव्हतं. त्या दुकानात माझ्या नळीत न मावणारी वस्तू म्हणजे फक्त शिलाई मशीन.

चार वर्षं घरी बसल्यावर लेकीला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. पहिले सहा महिने परीक्षेचे, त्यात एक दिवसही रजा नाही. पाळणाघर शोधणं आलं. बायकोनं सुचवलं की तुम्ही एक शब्द टाकलात तर कुठेही जागा होईल. मी ताठ बसून सांगितलं, माझ्या ओळखीनं काही नको. इतकंच नव्हे, तिला कुठे घातलंत तेही मला सांगू नका. हे मी तत्त्व म्हणून म्हटलं होतं. घरात ते सोय म्हणून घेतलं गेलं. आठवड्याभरानं मुंगी पाठीला पिशवी लावून सकाळी साडेआठला घराबाहेर पडायला लागली आणि मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

तीन आठवडे असे बरे गेले.

मग एका मंगळवारी आमच्या यादीवर दोन खोल्या आणि मागे छोटं अंगण असलेलं एक पाळणाघर आलं. माझ्याबरोबर चिरंजीव होता. हा आमचा नवा तपासनीस. त्याच्या नेमणुकीच्या पत्रावर कुणीतरी चुकून नावाआधी चि. टाकलं होतं, लग्नपत्रिकेत टाकतात तसं. तेव्हापासून कचेरीत त्याचं तेच नाव झालं. पोरगा हुशार. त्याच्या हातात टॅबलेट असतो आणि टॅबलेटात आमचा सगळा अर्ज. ज्या रकान्यावर लाल तारा आहे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कागदाच्या जमान्यात मी कित्येक रकान्यांत नुसती आडवी रेघ मारायचो. ती सुखं गेली.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आवाज हळू. आमच्यासारखी माणसं दारात आली की बायका सहसा आधी केस नीट करतात. ह्यांनी आधी एका मुलाचं नाक पुसलं. त्यांच्या ओढणीचं डावं टोक उरलेल्या ओढणीपेक्षा बरंच मळलेलं होतं, ओढून ओढून दोरीसारखं झालेलं. मी ते पाहिलं, पण त्याला अर्जात जागा नव्हती. मदतीला एक मावशी होत्या. दोघी प्रशिक्षित, प्रमाणपत्रं भिंतीवर. दोन आठे सोळा, म्हणून मान्यता सोळा मुलांची.

मुलं सतरंजीवर गोल बसली होती. त्या गोलात मुंगी होती.

मला दरदरून घाम फुटला असं लिहायला आवडलं असतं, पण तेवढाही वेळ मिळाला नाही. मुंगी उठून उभी राहिली, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मी ह्या आजोबांना ओळखत नाही."

हे बायकोचं शिकवणं. आजोबा कधी तिथे आलेच तर ओळख दाखवायची नाही, असं तिनं नातीला पढवलं असणार. नातीनं शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चिरंजीव कौतुकानं म्हणाला, मुलं किती खरं बोलतात नाही, सर?

तपासनिसाचं कुणी नात्यातलं त्या जागी असेल तर काम तिथेच थांबवायचं, कचेरीला कळवायचं, सही दुसऱ्यानं करायची. हा नियम मला झोपेतही पाठ आहे. मी खाली वाकलो आणि विजेच्या प्लगवरचं झाकण तपासलं. ते नीट बसलेलं होतं. मी ते पुन्हा तपासलं. तेवढ्यात माझं ठरलं की संध्याकाळी कचेरीत गेल्यावर सांगू. घाई काय आहे?

काम सुरू झालं. दाराच्या बिजागऱ्यांवर बोटं चेंगरू नयेत म्हणून पट्ट्या होत्या. हात धुवायची जागा मुलांच्या उंचीची. औषधांची पेटी वर, कुलपात. नळीत मावेल असं पेटीत काही सापडलं नाही, ही गोष्ट मी बावीस वर्षांत चौथ्यांदा पाहिली. मी मनातल्या मनात लेकीचं कौतुक केलं. ओळख न लावता पोरीनं गावातलं सगळ्यांत चांगलं पाळणाघर शोधलं होतं.

मग चिरंजीवनं हजेरीची वही उघडली आणि अडला. शाईनं लिहिलेली सोळा नावं. खाली पेन्सिलीनं सतरावं, आणि त्यापुढे दोन अक्षरं: क. लिं.

"ताई, हा कुठला प्रवर्ग? इथे लाल तारा आहे."

ताईंनी चष्मा डोळ्यांवरून काढला. खोटं बोलायची तयारी करायला माणूस जेवढा वेळ घेतो तेवढा घेतला, आणि मग तो वापरला नाही.

"कच्चं लिंबू," त्या म्हणाल्या.

ज्यांचं लहानपण घराबाहेर गेलंय त्यांना हे सांगायला नको. मोठी मुलं खेळत असतात, एखादं शेंबडं पोर हटून बसतं की मलाही घ्या. मग त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते पळतं, लपतं, ओरडतं, पण पकडलं गेलं तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याचा आनंद खरा असतो, खेळ मात्र खोटा. खोटा आहे हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

ताईंनी सगळं सांगून टाकलं. मुलीची आई चार वेळा आली होती. तीनदा त्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. चौथ्यांदा ती काही न बोलता फाटकापाशी पाळणाघर सुटेपर्यंत उभी राहिली. सोळातलं एखादं मूल रोज तापानं नाही तर सर्दीनं घरी असतंच, म्हणून त्या म्हणाल्या, पाठव, कच्चं लिंबू म्हणून राहील. आज नेमकी सोळाही निरोगी निघाली होती.

"म्हणजे हिला मोजायचं की नाही?" चिरंजीवनं विचारलं.

"खेळायला मोजायचं. बाद करायला नाही."

चिरंजीवनं प्रवर्गात क. लिं. टाइप केलं. टॅबलेटनं ते मुकाट्यानं घेतलं. संख्येच्या रकान्यात काय भरायचं ते त्यानं मला नजरेनं विचारलं. फाटकापाशी उभ्या राहिलेल्या बाईला मी सव्वीस वर्षं ओळखत होतो. मी म्हटलं, ते शेवटी बघू, आधी आगीची कवायत घेऊन टाक.

कवायत अशी: शिट्टी वाजली की मुलांनी हातातलं टाकून दोरीपाशी यायचं. ताईंच्या दोरीला सोळा गाठी होत्या, प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाचा धागा. ज्याची त्याची गाठ ठरलेली. मुलं गाठी धरतात, मावशी पुढे, ताई मागे, अशी ती माळ फाटकातून बाहेर जाते आणि पलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी थांबते. शिट्टी वाजली. माळ निघाली. ताईंच्या एका हातात आज हजेरीची वही होती, कारण वही बरोबर नेणं हा मुद्दा क्रमांक नऊ. दुसऱ्या हातात शिट्टी. आणि डाव्या बाजूला, अगदी ओढणीला लागून, टॅबलेट घेतलेला चिरंजीव चालत होता आणि वाळूच्या बादल्या किती ते विचारत होता.

खांबापाशी ताईंनी गाठीगाठीला बोट लावून मोजलं. सोळा. चिरंजीवच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. दोन मिनिटं दहा सेकंद.

रिकाम्या खोल्या शेवटी बघायचं काम माझं. आतल्या खोलीत दुपारच्या झोपेच्या गाद्यांची चवड होती. चवडीमागे मुंगी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी. रडत नव्हती.

"तू बाहेर का नाही गेलीस गं?"

"मला गाठ नाहीये," ती म्हणाली. मग आठवण होऊन हळूच म्हणाली, "आणि मी तुम्हाला ओळखत नाही."

मी तिच्याशेजारी गादीवर टेकलो. मागच्या अंगणातून बाहेर जायला वाट होती. तिला उचलून त्या वाटेनं नेलं असतं, ताईंच्या डाव्या बाजूला उभं केलं असतं आणि ओढणीचं टोक हातात दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पडदा हिरवाच होता. लेकीची नोकरी राहिली असती, ताईंची मान्यता राहिली असती आणि मुंगीनं तर आपल्याला ओळखतच नाही असं दोनदा सांगितलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका पाळणाघरात एक मूल बंद खोलीत सव्वादोन तास राहिलं होतं. दोनच दिवसांसाठी म्हणून नोंद न करता घेतलेलं. त्याला तसं काही झालं नाही, फक्त पुढे महिनाभर ते बोललं नाही. चौकशीला मी होतो. तिथल्या बाईंना विचारलं, कुलूप लावताना मुलं मोजली नव्हतीत का? त्या म्हणाल्या, मोजली होती, दोनदा. वहीशी ताडूनही पाहिली होती. आकडा बरोबर आला होता, दोन्ही वेळा. तेव्हापासून मला आठाची भीती वाटत नाही, नवाचीही वाटत नाही. वाटते ती बरोबर आलेल्या बेरजेची. न मोजलेलं मूल हरवलं तरी बेरीज चुकत नाही.

मी मुंगीला कडेवर घेतलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो.

ताईंनी आधी मला पाहिलं, मग मुंगीला, मग आपल्या ओढणीच्या टोकाकडे. त्या तिथेच पदपथाच्या कडेवर खाली बसल्या. सोळा मुलं गाठी धरून शांत उभी होती.

"किती लिहिलंस?" मी चिरंजीवला विचारलं.

"सोळा, सर. सगळी आली."

"सतरा कर. बाहेर आली सोळा."

"तसं केलं तर पुढचं पान लाल होतं, सर."

"होऊ दे. आणि अजून एक. ही माझी नात आहे. माझी सही चालणार नाही. तू एकट्यानं कर."

चिरंजीवनं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं माझ्या गळ्यात हात टाकलेला होता, तरी तिनं मान हलवून नाही म्हटलं. दिलेला शब्द तिनं शेवटपर्यंत पाळला.

"मग सकाळी का नाही सांगितलंत, सर?"

हा प्रश्न त्याच्या अर्जात नव्हता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. सही करताना त्यानं पूर्ण नाव लिहिलं.

"रोज ती माझ्या ओढणीला असते, साहेब," ताई म्हणाल्या. "आज तुम्ही आलात म्हणून हातात वही घेतली."

हे खरं होतं. आम्ही गेलो नसतो तर मूल आत राहिलं नसतं. मी म्हटलं, खरी आग लागली तर तुम्ही वहीच काय, हाताला येईल ते घ्याल. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, मुलगी कुणाची ते त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती प्रत्येक मणी घेऊन यायची आणि नळी मागायची. नळी असलेलं घर गावात एकच. मी विचारलं, मग आज सकाळी बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही बोलाल अशी वाट बघत होते.

पाळणाघर बंद झालं नाही. तीस दिवसांची मुदत मिळाली: एक तर तिसरी प्रशिक्षित व्यक्ती आणा, नाही तर सोळाच मुलं ठेवा. तोवर सतरावं मूल नको.

घरी लेकीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही खरं लिहिलंत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी साडेआठला ती कुठे असेल, ते कुठे लिहिलंय?"

मी बायकोकडे पाहिलं. ती एका परकराची शिवण उसवत होती. उसवता उसवताच म्हणाली, "अहो, तुमची रजा साठलीये ना?"

साठली होती. बावीस वर्षांत आमच्या घरी ती कुणी मागितली नव्हती.

पहिल्या दिवशी सवयीनं मी घर तपासलं. अकरा दोष निघाले, त्यातले चार गंभीर. उघडे प्लग, दाराला आतून खाली कडी, आणि माझ्याच टेबलाच्या खणात नळीत मावणाऱ्या सत्तावीस वस्तू. तिसऱ्या दिवशी मुंगी हरवली. अडीच खोल्यांत, एका मुलामागे एक प्रशिक्षित, किंबहुना प्रशिक्षक असताना. चार मिनिटांनी ती बायकोच्या कापडांच्या गठ्ठ्यात सापडली, खिशात माझा चष्मा. समितीत आठ हा आकडा चहानंतर ठरला ते बरंच झालं. ह्या अनुभवानंतर मला कुणी विचारलं असतं तर मी अर्धा सुचवला असता. दुपारी ती झोपली की मी पाठ टेकायचो आणि ताईंचा विचार करायचो. रोज सोळा-सतरा, आणि तरी त्या आधी नाक पुसतात.

लेक दहा दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. जे सांगायचं ते ती मुंगीला सांगायची आणि मुंगी ते मला तिच्या पद्धतीनं सांगायची, त्यामुळे दोनदा दुधाऐवजी साबण आणला गेला. अकराव्या दिवशी ती दारातून वळून म्हणाली, "बाबा, तिची नखं वाढलीयत." मी म्हटलं, काढतो. एवढंच. पण त्या दिवशी मी नखं फार मन लावून काढली.

कचेरीतून दोन पत्रं आली. पहिल्यात नातं उशिरा उघड केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा मागितला होता. मी खरं ते लिहिलं, की धीर झाला नाही. ह्या कारणाला नियमात क्रमांक नसल्यामुळे ते अजून विचाराधीन आहे. दुसऱ्यात विचारलं होतं की क. लिं. हा प्रवर्ग कोणत्या कलमाखाली येतो. त्याला मी उत्तर देण्याआधीच कुणीतरी निर्णय घेतला असावा, कारण नव्या अर्जातल्या यादीत आता 'इतर (क. लिं.)' असा पर्याय दिसतो.

मावशींच्या धाकट्या बहिणीनं प्रशिक्षण पूर्ण केलेलं होतं. तिसाव्या दिवसाच्या आत ती रुजू झाली. फेरतपासणी चिरंजीवनं एकट्यानं केली. मला त्यानं निकाल सांगितला नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला. निकाल मला पाळणाघराच्या फाटकात कळला. दोरीला सतरावी गाठ होती. दोरी तेवढीच असल्यामुळे ती अगदी शेवटाला, कशीबशी मारलेली, टोकाचे धागे सुटत चाललेले. मुंगीनं ती धरून पाहिली आणि ताईंच्या ओढणीकडे वळून पाहिलं. ताईंनी ओढणी कमरेला खोचलेली होती.

संध्याकाळी मुंगी रडत घरी आली. बराच वेळ कारण कळेना. मग हुंदक्यांतून बाहेर पडलं, "माझ्यावर राज्य आलं."

महिन्यापूर्वीपर्यंत ती पकडली गेली तरी हसत सुटायची. आज ती खऱ्या खेळात होती, त्यामुळे पहिल्याच डावात बाद झाली होती. आपल्या भाषेत राज्य येतं ते नेहमी रडवतच येतं, आणि ज्याच्यावर येतं त्याला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. हे तिला समजावून सांगण्यासारखं नव्हतं. लेक माझ्याकडे पाहत होती. पुष्कळ दिवसांनी ती अशी पाहत होती.

"माझं राज्य तुम्ही घ्या," मुंगी म्हणाली.

घेतलं. ताईंकडे डाव सुरू करताना गाठींएवढं मोजतात, असं तिनं डोळे पुसता पुसता बजावलं आणि पळाली. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि मोजायला लागलो. मागे कपाटाचं दार वाजलं, मग पावलं पलंगाकडे गेली. मी मुद्दाम सावकाश मोजलं आणि सोळा म्हणून वळलो.

पलंगाखालून आवाज आला, "अजून एक आहे."